मागील आवृत्तीकडे: संकलनाच्या साधनांचा एक उलटा इतिहास

मराठीत ‘एडिटिंग’ या एका इंग्रजी शब्दासाठी दोन शब्द रुळले आहेत. ग्रंथाचे होते ते संपादन आणि चित्रपटाचे होते ते संकलन. नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईच्या आसपास चौकशी केली तर तिसराच शब्द कानी पडतो, तो म्हणजे ‘मिक्सिंग’. लग्नाचे ‘शूटिंग’ झाले की ते ‘मिक्सिंगला’ जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी कॅसेट, पुढे सीडी, त्याही पुढे पेनड्राइव्ह होऊन घरी परतते. हे मिक्सिंग ज्या सॉफ्टवेअरवर होते त्याची नवी आवृत्ती आली असता ती बाजूला सारून जुन्या आवृत्तीकडे परत जाणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असा प्रश्न आमच्या विभागांतल्या सहकाऱ्यांनीही विचारला. त्यावर आमचे म्हणणे असे की आवृत्ती, प्रत, पाठ हे शब्द मुळात आपल्या घरचे आहेत. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मूळ संहितेच्या जवळ जायचे तर मागे, जुन्या प्रतीकडे, जावे लागते हे आपण गृहीत धरून चालतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांचा पाठचिकित्सेशी काडीचा संबंध नाही अशा हजारो लोकांनी जुन्या आवृत्तीसाठी भांडण केले, अर्ज केले, प्रसंगी पदरमोड केली. त्यांचा हेतू मात्र आपल्याहून वेगळा होता. जुनी आवृत्ती अधिक शुद्ध आहे असे त्यांना म्हणायचे नव्हते. ती नाहीशी झाली तर आपणच काल केलेले काम उद्या आपल्याला वाचता येणार नाही, हे त्यांचे दुखणे होते.

हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा. हस्तलिखितांच्या जगात बोरू बदलला म्हणून पोथी मिटत नाही. लेखनिक गेला, शाई बनवण्याची रीत विसरली गेली, तरी कागद आणि डोळे शाबूत असले की पोथी वाचता येते. अपवाद आहेत. माहूरचे देवदेवेश्वर हे ज्यांचे श्रद्धास्थान त्या महानुभावांची सकळ लिपी हा त्यांतला सर्वांत ठळक. पोथ्या होत्या, जपलेल्या होत्या, पण राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधीपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकाला त्या मुक्या होत्या. संगणकावरच्या संकलनात हा अपवादच नियम झाला आहे.

तेथवर येण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. चित्रपट जोवर सेल्युलॉइडच्या फितीवर होता तोवर मागे जाणे कष्टाचे होते, पण अशक्य नव्हते. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेली कामापुरती प्रत तो कापी आणि जोडी. वगळलेले तुकडे खुंट्यांना टांगून ठेवलेले असत. दिग्दर्शकाचे मन बदलले तर जोड उखडून तुकडा पुन्हा जागी बसवता येई. फितीला भोके पाडण्यापासूनची कामे ज्या घरात सरस्वतीबाई फाळके करीत होत्या, त्या घरातही मागे जाण्याचा अर्थ हातात धरता येईल अशा वस्तूकडे जाणे हाच होता. ही वस्तूच नष्ट झाली तर मात्र इलाज नव्हता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, तो त्या मूळ चित्रपटाचा नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ही हानी पुराणी आहे. कसर, आग, पाणी यांनी ग्रंथांची केली तीच. आमचा विषय असलेली हानी हिच्याहून निराळी आहे. तिच्यात वस्तू हातात असते आणि तरीही ती उघडत नाही.

मध्ये व्हिडिओ फितीचा काळ येऊन गेला. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत लग्नाचे व्हिडिओ-चित्रण सर्रास होऊ लागले ते व्हीएचएसच्या कॅसेटवर. त्या वेळचे मिक्सिंग म्हणजे दोन यंत्रे समोरासमोर ठेवून एकीवरचे दृश्य दुसरीवर उतरवून घेणे. हळद, मग अक्षता, मग पंगत, मग पाठवणी या क्रमाने ते पुढे सरके. पाठवणीपर्यंत आल्यावर हळदीतले एखादे दृश्य राहून गेले असे ध्यानात आले, तर मधे जागा करता येत नसे. तेथून पुढचे सगळे पुन्हा उतरवा, किंवा तयार कॅसेटलाच मूळ मानून तिच्यावरून आणखी एक प्रत काढा, एवढेच दोन मार्ग होते. प्रतीवरून प्रत काढली की चित्र फिकट होई, रंग पसरत. या क्षीण होत जाण्याला धंद्यातली मंडळी ‘जनरेशन’ जाणे म्हणत. आम्हांला हा शब्द ऐकताना प्रत्येक वेळी लीळाचरित्राचा पिढीपाठ आठवतो. मूळ प्रत धामधुमीत हरवल्यावर अनुयायांनी आठवणीतून पुन्हा सिद्ध केलेला तो ग्रंथ, त्याचे परस्परांहून वेगळे पाठ, आणि डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकाने त्या गुंत्यातून काढलेली १९७८ ची आवृत्ती. पिढी हा शब्द दोन्हीकडे योगायोगाने आलेला नाही. नकलेवरून नक्कल होते तेथे काही ना काही गळतेच, हा अनुभव दोन्हीकडे सारखा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा काळ याच फितींचा होता. त्यानंतरच्या दिवसांत झालेले खाजगी चित्रण आमच्या पिढीने कॅसेटवरच पाहिले, आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रतीवर. त्यांतली मूळ फीत कोणती आणि नक्कल कोणती हे सांगणारा आज कुणी भेटत नाही.

संगणकाने ही सगळी अडचण एका फटक्यात दूर केली असे तेव्हा वाटले. संगणकावरच्या संकलनात मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. संकलक जे तयार करतो ती केवळ सूचनांची यादी असते: अमुक फाइलमधील अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचे दृश्य घ्या, त्यावर असा रंग चढवा, खाली हे संगीत ठेवा, वर ही अक्षरे. या यादीला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. यादीतली ओळ बदलली की चित्रपट बदलतो, ओळ पूर्ववत केली की तो पूर्ववत होतो. सेल्युलॉइडच्या काळातले मागे जाणे परत आले, आणि तेही उखडाउखडीशिवाय. शिवाय कितीही प्रती काढल्या तरी पिढी जात नाही. मात्र या सुखाची एक अट होती आणि ती बराच काळ कुणी वाचलीच नाही. सूचनांची यादी ज्या भाषेत लिहिलेली असते ती भाषा त्या सॉफ्टवेअरची, आणि बहुतेकदा त्याच्या त्या विशिष्ट आवृत्तीची असते.

या इतिहासात एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. रँडी उबिलोस हे त्याचे नाव. १९९१ साली अडोबी कंपनीचे ‘प्रीमियर’ बाजारात आले, त्याच्या पहिल्या आवृत्त्या उबिलोस यांनी रचल्या. पुढे ते मॅक्रोमीडिया कंपनीत गेले. तेथे त्यांच्या गटाने सुरू केलेले नवे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये ॲपलने विकत घेतले आणि १९९९ मध्ये ते ‘फायनल कट प्रो’ या नावाने विक्रीस आले. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या ज्येष्ठ संकलकाने २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ त्यावर केला, त्या संकलनाला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि घरगुती यंत्रावर चालणारे हे सॉफ्टवेअर मोठ्या पडद्याच्या लायकीचे आहे याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

आमच्याकडे ॲपलची यंत्रे फारशी आली नाहीत. ती परवडणारीच नव्हती. नांदेड-लातूरच्या मिक्सिंगवाल्यांनी सुटे भाग जुळवून केलेल्या संगणकांवर आधी ‘प्रीमियर’ चालवले आणि मग जपानच्या कॅनोपस कंपनीचे ‘एडियस’ जवळ केले. २००३ साली निघालेले हे सॉफ्टवेअर बेताच्या यंत्रावरही अडखळत नसे. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की एका दुकानाला एकाच वेळी वीस-वीस लग्ने उरकावी लागतात, तेथे हा गुण सगळ्यांत मोठा. ही सॉफ्टवेअरे सगळीच रीतसर विकत घेतलेली नसत, हेही सांगून टाकले पाहिजे. सीडीवर हाताने नाव लिहिलेल्या नकला दुकानादुकानांतून फिरत. त्यांचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण इतिहास लिहिताना एक वस्तुस्थिती नोंदवावी लागते. कपाटात पडलेली ती सीडी हीच पुढे कित्येकांची मागे जाण्याची एकमेव वाट ठरली. कॉपी झालेले ग्रंथ अधिक टिकतात, हा नियम ग्रंथसंग्राहकांना नवा नाही.

कंपनीने स्वतःहून जुनी आवृत्ती परत दिली असेही घडले आहे. ऑगस्ट २००७ मध्ये ॲपलने घरगुती वापराच्या ‘आयमूव्ही’चे पूर्ण नवे रूप आणले. रचनाकार उबिलोसच होते. वेळेच्या ओळीवर, म्हणजे टाइमलाइनवर, दृश्ये मांडण्याची परिचित पद्धत त्यातून गेली होती. तक्रारी इतक्या झाल्या की नवी आवृत्ती घेणाऱ्यांना आधीची ‘आयमूव्ही एचडी’ विनामूल्य उतरवून घेण्याची सोय ॲपलने करून दिली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाबरोबर दिलेले ‘मूव्ही मेकर’ साध्या संगणकांवर चालेना, तेव्हा एक्सपीच्या काळातल्या आवृत्तीवर बेतलेली २.६ ही आवृत्ती कंपनीनेच उपलब्ध केली. २००९ मध्ये ‘विंडोज लाइव्ह मूव्ही मेकर’मधून टाइमलाइनच काढून टाकली गेली, तेव्हा लोकांनी विंडोज ७ वरही हीच २.६ टाकून घेतली. युवक महोत्सवासाठी लघुपट करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना हे सॉफ्टवेअर फुकट मिळे, म्हणून त्याचे मोल. जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मूव्ही मेकर’ कायमचे बंद केले.

ही उदाहरणे लहान म्हणावी लागतील. खरा संघर्ष झाला तो २०११ साली, आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘द सोशल नेटवर्क’च्या संकलनाला ऑस्कर मिळाले. ते संकलन ‘फायनल कट प्रो’वर झाले होते. म्हणजे हे साधन कीर्तीच्या शिखरावर होते. २१ जून रोजी ॲपलने ‘फायनल कट प्रो एक्स’ बाजारात आणले. रोमन अंकात दहा, पण सातानंतर एकदम दहा. किंमत सुमारे तीनशे डॉलर, पूर्वीच्या संचाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आतून सगळे नवे होते. दृश्ये एकमेकांना चिकटून राहतात, मधले एक काढले की उरलेली आपोआप सरकून जागा भरतात अशी ‘चुंबकीय’ टाइमलाइन होती. जुन्या मांडणीतल्या समांतर पट्ट्या गेल्या होत्या. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र पाहून निवड करण्याची सोय नव्हती. ध्वनिसंयोजकाकडे किंवा रंगसंस्कार करणाऱ्याकडे काम पाठवण्यासाठी लागणारी मध्यस्थ भाषा नव्हती. फितीवर थेट उतरवण्याची सोय नव्हती. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे जुन्या फायनल कटमधले प्रोजेक्ट या नव्यात उघडत नव्हते.

ॲपलचे यावरचे स्पष्टीकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. नव्या आवृत्तीची रचनाच इतकी वेगळी आहे की जुन्या प्रोजेक्टचे तिच्यात रूपांतर करताना काहीतरी बदलल्याशिवाय किंवा गमावल्याशिवाय राहणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. भाषांतराच्या अशक्यतेचा हाच युक्तिवाद आपण कवितेच्या संदर्भात करतो. येथे तो एका व्यापारी कंपनीने स्वतःच्याच कालच्या भाषेविषयी केला. त्यात खोटे काही नव्हते असे आमचे मत आहे. पण भाषांतर अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने निदान मूळ भाषा तरी शिल्लक ठेवावी, ही अपेक्षा रास्तच होती. ॲपलने त्याच दिवशी जुन्या संचाची विक्री थांबवली होती.

परिणाम असा झाला की ज्या संस्थेत दहा संकलक जुन्या आवृत्तीवर काम करीत होते, तिला अकरावा माणूस घ्यायचा तर त्याला तीच आवृत्ती कोठून द्यायची हा प्रश्न पडला. अर्धवट झालेले चित्रपट होते, मालिका होत्या, वर्षानुवर्षांचे संग्रह होते. संकलकांनी सह्यांची मोहीम काढली, पैसे परत मागितले, काहींना ते मिळालेही. अमेरिकेतील कॉनन ओब्रायन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या संकलकांनी या नव्या आवृत्तीची टर उडवणारी चित्रफीत प्रसारित केली. अडोबीने संधी साधून फायनल कट सोडून येणाऱ्यांना निम्मी सवलत देऊ केली. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये ॲपलने जुन्या संचाची विक्री पुन्हा सुरू केली, तीही दुकानातून नव्हे तर दूरध्वनीवरून मागणी नोंदवणाऱ्यांसाठी. मुद्दाम पुढे आणलेली आवृत्ती मागे न घेता मागची आवृत्ती मागच्या दाराने द्यावी लागणे, असा हा प्रकार होता.

नव्या आवृत्तीवरील आक्षेप ॲपलने क्रमाने दूर केले. मध्यस्थ भाषा त्याच सप्टेंबरात आली, अनेक कॅमेऱ्यांची सोय जानेवारी २०१२ मध्ये आली. जुने प्रोजेक्ट नव्यात नेणारे साधन मात्र ॲपलने केले नाही, ते एका बाहेरच्या छोट्या कंपनीने केले. आणि त्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाले ते ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’च्या संकलनाला. त्याच्याही संकलकांनी जुना फायनल कटच वापरला होता.

आता आपल्या परिसराकडे येऊन एक तुलना करतो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराच्या ओघात तो बिघडला, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या दृष्टीने ते नवी आवृत्ती काढीत नव्हते, मागे जात होते. पुढे १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि एकनाथांच्याही मागे जाण्याचा प्रयत्न केला. त्या प्रतीच्या भाषेवरून, तिच्या प्राचीनतेवरून वाद झाले. तरीही १९६० च्या महाराष्ट्र शासनाच्या आवृत्तीला आधार राजवाड्यांच्या प्रतीचाच घेतला गेला. या दोघांच्या मागे जाण्यात जे स्वातंत्र्य होते त्याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. एकनाथांना कुणाची परवानगी काढावी लागली नाही. राजवाड्यांना एकनाथी प्रत मान्य नसेल तर ती न मानण्याची मोकळीक होती, आणि वाचकाला दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्याची. २०११ च्या संकलकाला यांतले काहीच नव्हते. त्याच्या पोथीची लिपी एका कंपनीच्या मालकीची होती.

ही मालकी आमच्याकडे आणखी एका वाटेने जाणवली, आणि ती वाट अक्षरांची आहे. लग्नाच्या चित्रफितीत नावे लिहावी लागतात. युनिकोड येण्यापूर्वी आणि आल्यावरही पुष्कळ वर्षे ही नावे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिली जात. सी-डॅकचे आयएसएम, श्रीलिपी ही नावे ज्यांनी प्रबंध टंकित करून घेतले आहेत त्यांना ठाऊक आहेत. या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेले असतात. सॉफ्टवेअरच्या समजुतीप्रमाणे आपण इंग्रजीच लिहीत असतो, दिसते मात्र मराठी. त्यामुळे मराठीचा गंध नसलेले कोणतेही सॉफ्टवेअर ती अक्षरे बिनचूक दाखवी. युनिकोडचे तसे नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर लिहिली जाते आणि व्यंजनाच्या आधी दिसावी लागते, जोडाक्षरे घडवावी लागतात. हे काम सॉफ्टवेअरला यावे लागते, आणि संकलनाच्या कित्येक सॉफ्टवेअरांना ते फार उशिरापर्यंत येत नव्हते. लग्नपत्रिकेतले ‘चि.’ आणि ‘श्री’ हे दोन शब्दसुद्धा पडद्यावर धड उमटत नसत. पहिल्याची वेलांटी उजवीकडे जाई, दुसऱ्याचा पाय मोडलेला दिसे.

अशा स्थितीत जुनी आवृत्ती, तिच्यासोबतचे शीर्षकांचे साचे आणि जुना फॉन्ट यांचे त्रिकूट न सोडणे हे मिक्सिंगवाल्याचे अज्ञान नव्हते. त्याला मराठी शुद्ध उमटवायची होती. नव्या आवृत्तीची जाहिरात वाचून आम्ही त्याला प्रगतीचे धडे द्यावेत आणि त्याने पडद्यावरची फुटकी वेलांटी दाखवावी, अशी ती परिस्थिती होती. आज चित्र पालटले आहे. आताच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटते. पण जुने प्रोजेक्ट दुसऱ्या यंत्रावर नेले आणि तेथे तो जुना फॉन्ट नसला, तर वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची विस्कटलेली रांग येते. सकळ लिपी निदान कुणीतरी हेतुपुरस्सर घडवली होती.

२०१३ मध्ये ‘एडियस’ची सातवी आवृत्ती ६४ बिटची झाली आणि आधीच्या ३२ बिटच्या जोडसाधनांचा, म्हणजे प्लगइनांचा, उपयोग तिच्यात संपला. फुलांच्या पाकळ्या उधळत दृश्य बदलणे, फोटो अल्बमची पाने उलटणे असले प्रकार बहुधा अशा जोडसाधनांतून येत. आपल्याला त्यांची रुची भडक वाटते, पण ग्राहक तेच मागतो. अनेक दुकानांत याचा तोडगा एकच दिसतो. कोपऱ्यात एक जुना संगणक, जुन्या विंडोजसह, इंटरनेटची तार काढून ठेवलेला. तार काढायची ती आपोआप येणाऱ्या अद्ययावतीकरणाने त्याला हात लावू नये म्हणून. नव्या यंत्रात केलेला प्रोजेक्ट या जुन्यात उघडत नाही, जुन्यातला नव्यात बहुधा उघडतो. म्हणजे वाहतूक एकाच दिशेची. एकदा चुकून नव्यात साठवले की परतीची वाट बंद होते.

‘प्रीमियर’च्या बाबतीत ही बंद वाट उघडण्याची एक युक्ती प्रचलित आहे. त्याची प्रोजेक्ट-फाइल म्हणजे दाबून लहान केलेला साधा मजकूर असतो. तो सोडवला की आरंभी आवृत्तीचा क्रमांक सापडतो. तो हाताने कमी करायचा आणि फाइल पुन्हा दाबून ठेवायची. जुनी आवृत्ती ती आपलीच समजून उघडते, फक्त नव्यातली वैशिष्ट्ये गळून पडतात. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखनकाल असतो, तो बदलून नवी पोथी जुनी म्हणून खपवणारे महाभाग आपल्याला परिचित आहेत. युक्ती तीच आहे. तेथे वाचकाला फसवायचे असते, येथे यंत्राला, आणि तेही आपलेच लेखन वाचण्यासाठी.

मे २०१३ मध्ये अडोबीने आपली सॉफ्टवेअरे विकणे सोडून भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केले. तोवर खोक्यातली तबकडी ही वस्तू होती. ती घेतली की वापरण्याचा हक्क कायमचा असे. तरीही तो हक्क कंपनीच्या यंत्राच्या होकारावर टांगलेला असू शकतो, हे त्याच वर्षी जानेवारीत दिसले होते. २००५ च्या संचाला मान्यता देणारी यंत्रणा अडोबीने बंद केली आणि मान्यतेची गरज नसलेली प्रत संकेतस्थळावर क्रमांकासह ठेवली. लोकांना वाटले फुकट वाटप आहे. ज्यांनी पूर्वी विकत घेतले त्यांच्यासाठीच ही सोय आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. भाडेपद्धतीत पुढची पायरी मे २०१९ मध्ये आली. केवळ अलीकडच्या दोन प्रमुख आवृत्त्याच उतरवून घेता येतील असे ठरले, आणि त्याहून जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्या काही ग्राहकांना पत्रे गेली की या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता तुम्हांला नाही, वापरत राहिलात तर तिऱ्हाइतांचे दावे तुमच्यावर येऊ शकतात. हे ग्राहक दरमहा पैसे भरत होते. कालची आवृत्ती कालपर्यंत त्यांचीच होती.

ग्रंथव्यवहारात याचे समांतर उदाहरण शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला. ग्रंथ जप्त होतात, बंदी येते, प्रकाशक प्रती मागे घेतो. परंतु नवी आवृत्ती निघाली म्हणून वाचकाच्या कपाटातली पहिली आवृत्ती वाचणे बेकायदा ठरले, असे आमच्या वाचनात कुठे आले नाही. लेखकाने नंतर बदललेली कादंबरी आणि तिची पहिली आवृत्ती यांची तुलना हा आपल्याकडे एम.फिल.च्या प्रबंधिकांचा नेहमीचा विषय असे. तो शक्य होई कारण पहिली आवृत्ती कुठल्या तरी तालुक्याच्या वाचनालयात धूळ खात असे.

दूरध्वनीवरून विकलेल्या त्या जुन्या फायनल कटचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. विकत घेतलेल्यांनी तो जपून वापरला. २०१७ मध्ये ॲपलची ‘हाय सिएरा’ ही कार्यप्रणाली आली आणि तिच्यावर तो चालेनासा झाला. २०१९ च्या ‘कॅटालिना’ने ३२ बिटची सगळीच सॉफ्टवेअरे बाद केली. तेव्हापासून त्यातले प्रोजेक्ट उघडायचे तर जुने यंत्रच लागते. मुंबई-पुण्यात काय किंवा लॉस एंजेलिसला काय, अशी यंत्रे आता सांभाळूनच ठेवावी लागतात, नांदेड-लातूरच्या दुकानांतल्या त्या तार काढलेल्या संगणकांसारखीच. त्यांच्या चकत्या, वीजपुरवठ्याचे डबे, पंखे कधी ना कधी निकामी होणार. सुटे भाग मिळेनासे होत आहेत. ज्यांनी प्रोजेक्टसोबत मध्यस्थ भाषेतली एक प्रत काढून ठेवली आहे त्यांचे काम वाचेल. बाकीच्यांकडे तयार चित्रपट राहील, म्हणजे छापील पुस्तक राहील, आणि कच्चा खर्डा, खाडाखोड, समासातल्या नोंदी असलेली फाइल समोर असूनही उघडणार नाही.